सामानापाशी बसणारा माणूस

३ एप्रिल

चिरंजीव कन्येस,

आशीर्वाद आहेतच. मागायला कुणी आलं नाही म्हणून काही ते संपलेले नाहीत.

तुझा प्रश्न मावशीकडून पोचला. दोन वर्षांनी इकडे यायचं म्हणतेस, टिल्लूला समुद्र दाखवायचा म्हणतेस, उतरणार मात्र हॉटेलात. आणि 'गावाजवळचा चांगल्यातला चांगला किनारा कुठला, आईला विचारून सांग' असं मावशीला सांगतेस. अगं, मी काय पर्यटन कचेरीतली खिडकी आहे? असो. विचारलंस हेच खूप झालं. मी फोन केला की तू कापतेस, म्हणून हे पत्र. पत्र कापायचं तर कात्री शोधायला उठावं लागतं, तेवढ्यात चार ओळी वाचून होतात.

तर ऐक. बाहेरगावचे सगळे जातात किल्ल्यामागच्या किनाऱ्यावर. तोफा, पडका बुरूज, पुढे समुद्र, फोटोत सगळं एकदम येतं. माहितीपुस्तिकेत पहिला नंबर त्याचाच. काल मी मुद्दाम जाऊन आले. जन्मभर शाळेतल्या पोरींना पोहायला शिकवलं, मला पुस्तिका नको. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. गुडघाभर पाण्यात समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं आणि टाचांखाली काय चाललंय ते बघायचं. वाळू हळूहळू सरकली तर ठीक. ओढून नेली, तर तिथे पोराला न्यायचं नाही, मग मागे तोफा असोत नाहीतर राजवाडा असो.

किल्ल्यामागे वाळू ओढते. त्यावर काट मार.

शिवाय तिथे सामानापाशी बसायला जागा नाही. बुरुजाची सावली सकाळीच निघून जाते. मग तिथे बसलेल्या माणसाचं डोकं तापतं, त्याला गरगरायला लागतं आणि आपल्याला ओल्या कपड्यांनी लिंबूपाणी शोधत फिरावं लागतं. कुणाचं डोकं ते विचारू नकोस. सोबत एक माणूस होता.

सामानाचं महत्त्व तुला सांगायला नको. त्या वर्षी बाबांचा चष्मा आणि तुझे नवे बूट पिशवीसकट गेले आणि घरी येताना बाबा विजेच्या खांबाला 'माफ करा हं' म्हणाले, तेव्हापासून आपल्या घरचा नियम: पिशवी एकटी सोडायची नाही. दोघं पाण्यात, एकजण पिशवीपाशी. त्यामुळे आपण तिघं एकदम पाण्यात उतरल्याचं मला काही आठवत नाही.

मावशीनं टिल्लूचा फोटो पाठवला. शेवटचा पाहिला तेव्हा धड चालतही नव्हता गं, आणि आता गुडघे फोडून घेण्याइतका मोठा झाला! फोटोत त्याला धरलेला तुझा हात दिसतो, मनगटावर बाबांचं घड्याळ. अजून मागेच पडतं का? कधी दुरुस्त म्हणून करू दिलं नाही त्यांनी. 'घड्याळ बरोबर आहे, लोकच घाईत आहेत,' म्हणायचे आणि सगळीकडे उशिरा पोचायचे.

बाकीचे किनारे बघून कळवते.

आई


७ एप्रिल

बाळे,

उत्तर नाही. ठीक आहे. मावशी म्हणते, पत्र मिळालं, तू वाचलंस आणि खणात ठेवलंस. फाडलं नाहीस म्हणजे पुढचं लिहायला हरकत नाही.

दोन किनारे बघून झाले. मला घरात बसवतच नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरतेय. शेजारीण म्हणाली, 'बाई, निवृत्त झालात ना? मग हे काय?' मी म्हटलं, नातू यायचाय. तिनं विचारलं, घरी? मी विषय बदलला.

दीपगृहाखालचा किनारा तुला आवडायचा. पाणी अजून तसंच नितळ आहे, पण उतरायच्या पायऱ्या शेवाळल्यात आणि खडकांवर शिंपले असे धारदार की माझ्या तळपायाची चाळण झाली. टिल्लू तिथे पाच मिनिटांत रक्तबंबाळ होईल आणि तू माझ्याकडे बघशील. त्यावरही काट.

खाडीपलीकडचा मात्र झकास. वाळू मऊ, उतार असा की चालत चालत लांब गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. टाचांखाली काही हललंसुद्धा नाही. झाडं आहेत, कपडे बदलायला खोली आहे. तरीही मी तो नको म्हणते, कारण तिथे होडीनं जावं लागतं आणि होडीत घड्याळजींची, म्हणजे किल्ल्यामागे डोकं तापलं त्यांचीच, अवस्था बघवत नाही. पलीकडे पोचेपर्यंत डोळे घट्ट मिटून माझी पिशवी पोटाशी धरून बसले होते. होडीवाला म्हणाला, 'आजोबा, पोचलो.' हे म्हणतात, 'नक्की?'

आता विचारशीलच, घड्याळजी तुझ्याबरोबर टिल्लूसाठी किनारे बघत का फिरतायत. तर घड्याळजी माझे नवरे आहेत म्हणून. घे, लिहून टाकलं. आता कात्री शोध.

तू त्यांना पाण्यात पाहतेस आणि ते बिचारे पाण्यालाच भितात. विनोद करत नाही, खरंच सांगते. लहानपणी विहिरीत पडले होते, तेव्हापासून बादलीतलं पाणीसुद्धा जरा अंतर ठेवून घेतात. पण किनाऱ्यावर येतात. बूट काढतात, मोजे बुटात कोंबतात, माझ्या चपला शेजारी ठेवतात, टॉवेल मांडीवर घेतात आणि बसतात. मी पाण्यात शिरले की उभे राहतात. बाहेर आले की बसतात. मी म्हटलं, 'तुम्हाला पोहता येत नाही, मग उभं राहून करणार काय?' तर म्हणे, 'ओरडेन.'

मला एवढं हसू आलं की नाकातोंडात पाणी गेलं.

अजून एक किनारा राहिलाय, जुन्या जकातघराखालचा. तो बघते आणि कळवते. तारीख पक्की झाली का? मावशीला विचारलं तर ती 'बघू' म्हणते. तिचं 'बघू' मला चांगलं माहीत आहे.

आई


११ एप्रिल

कन्येस,

आत्ताच मावशीचा फोन येऊन गेला. तुझा निरोप तिनं शब्दाला शब्द सांगितला, कारण मीच तसा सांगायला लावला. 'किनारा कुठलाही चालेल. आईला म्हणावं, एकटी ये. तो माणूस दिसला तर आम्ही टिल्लूला घेऊन गाडीतून उतरणारसुद्धा नाही.'

माझ्या हातात कपबशी होती. कप वाचला, बशी गेली.

आता शांतपणे लिहिते. शांतपणे म्हणजे मधे तीनदा उठून गॅलरीत जाऊन आले.

तुझं म्हणणं, बाबांना जाऊन पुरतं वर्ष झालं नव्हतं आणि मी नोंदणी कचेरीत जाऊन सही केली. केली. तुझं म्हणणं, बाबांच्या खुर्चीत तो माणूस बसतो. हे तुला कुणी सांगितलं ते मला माहीत नाही, पण ते खोटं आहे. बाबांच्या खुर्चीत कुणी बसत नाही. घड्याळजी येताना दुकानातलं स्वतःचं स्टूल घेऊन आले. बिनपाठीचं. दोन वर्षं त्याच्यावर बसून जेवतायत, पेपर वाचतायत, टीव्ही बघतायत. मीच कधी म्हणते, अहो पाठ मोडेल, बसा की खुर्चीत. तर म्हणतात, 'सवय आहे मला.'

आणि बाबांना मी विसरले म्हणतेस? बाबा म्हणजे काय छत्री आहेत, बसमध्ये विसरून यायला? जन्मभर त्यांना 'हे' म्हटलं, घड्याळजींना अजून तोंडावर तसं म्हणवत नाही. मी त्यांना 'घड्याळजी' म्हणते, ते मला 'बाई' म्हणतात. शेजारीण विचारते, तुमचं लग्न झालंय की दुरुस्तीला आलायत?

तशी गेलेच होते दुरुस्तीला. बाबा गेल्यावर भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. मी ते चादरीत गुंडाळून बसनं घड्याळजींच्या दुकानात नेलं. त्यांनी उघडून बघितलं आणि म्हणाले, 'बाई, घड्याळाला काही झालेलं नाही. चावी द्यायची राहिलीय.' चावी बाबा द्यायचे ना, रविवारी. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिथे दुकानात उभ्या उभ्या रडले, गिऱ्हाइकांसमोर. त्यांनी कुणाला काही विचारू दिलं नाही. पंखा माझ्याकडे वळवला आणि आपलं काम करत राहिले.

त्या दिवसांत तू फोनवर 'आई, जेवलीस का' विचारायचीस आणि मी 'जेवले' म्हणायची. जेवलेली नसायची. तुझ्यावर बोट ठेवत नाही, तुला तिकडे तान्हं मूल होतं. पण घर खायला उठतं म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही, आणि कधी कळूही नये.

जाऊ दे. मी येते एकटी. टिल्लूसाठी येते.

किनारा जकातघराखालचा धर. पुस्तिकेत तो नाहीच. लहानसा आहे, पण वाळू हलत नाही, उतार अलगद आहे, आणि जुन्या भिंतीची सावली दुपारभर टिकते. भिंतीला लागून एक सपाट दगड आहे, सामानापाशी बसायला अगदी बांधून घेतल्यासारखा. हॉटेलापासून चालत येता येईल.

घड्याळजींना सांगितलं. म्हणाले, 'जा ना बाई. मी त्या दिवशी दुकान उघडं ठेवतो.' बस्स. भांडले असते तर बरं वाटलं असतं. वरून सांगतात काय, 'पोराचा हात सोडू नका.' मला! मी पोहायला शिकवते आणि हा माणूस मला शिकवतोय.

आई


१४ एप्रिल

बाळे,

घाईत चार ओळी. काल परत जकातघराला जाऊन आले. भरतीला पाणी भिंतीपासून किती लांब राहतं ते बघायचं राहिलं होतं. लांब राहतं. मग वाटलं, तुला खाडीपलीकडचाच आवडेल, म्हणून तिकडेही गेले. परत येताना वाटलं, नको, होडी हलते. घरी आले आणि टिल्लूसाठी घेतलेली टोपी त्याला लहान होईल म्हणून बदलून आणली. आता ती मोठी वाटतेय.

टिल्लूला काय सांगितलंयस माझ्याबद्दल? आजी आहे, हे सांगितलंयस ना? की 'एक बाई भेटणार आहेत'?

घड्याळजी म्हणतात, 'बाई, बसा जरा.' मी म्हटलं, तुम्हीच बसा, तुम्हाला सवय आहे. लागेल असं बोलले. त्यांनी काही मनावर घेतलं नाही, निदान तसं दाखवलं तरी नाही.

जकातघरच पक्कं.

आई


१८ एप्रिल, संध्याकाळ

बाळे,

हे पत्र हॉटेलात स्वतः आणून देतेय, खाली काउंटरवर. वर येत नाही.

आज तुला पाहिलं. बारीक झालीस. टिल्लू 'आजी' म्हणाला, पहिल्या फटक्यात, कुणी न सांगता. तू त्याला फोटो दाखवत होतीस तर! मला कधी कळू दिलं नाहीस, पण दाखवत होतीस. त्याबद्दल तुझे सगळे गुन्हे माफ.

जावईबापू खोलीत कॉम्प्युटर उघडून बसले होते म्हणालीस, त्यांना कामातून सुट्टी कुठली. म्हणजे किनाऱ्यावर आपण तिघंच. मी म्हटलं, चला, दोघी मिळून याला पाण्यात घेऊ. आणि तू म्हणालीस, 'पिशवी कोण बघणार?'

आपल्या घरचा नियम.

मग काय झालं ते तुला माहीतच आहे. तू टिल्लूला घेऊन गेलीस, मी दगडावर बसले. तू आलीस, मी गेले, तू दगडावर बसलीस. मी आले, तू गेलीस. बदली शिपायांसारखं चाललं होतं. मधे समोरासमोर येऊ तेवढ्यात टॉवेल कुठे, पाणी दे, त्याच्या कानात वाळू गेलीय. दोन वर्षांचं बोलायचं मनात घेऊन आले होते गं मी. रात्र-रात्र घोकलं होतं. आणि दुपारभर एकाच किनाऱ्यावर असून आपण दोघी एकमेकींना लांबून बघत राहिलो. टिल्लू माझ्या हाताला ओढून म्हणत होता, 'मम्मीपण!' आणि त्याची मम्मी तिकडे दगडावर, हातात माझ्या चपला.

घरी आले तर घड्याळजी दुकान बंद करून दारात उभे. 'कसा आहे?' म्हणाले. मी टोपी त्याला बरोबर बसली एवढं सांगितलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तर ते स्टुलावर बसलेले, आणि बाबांची खुर्ची समोर रिकामी. मला त्या स्टुलाचा असा राग आला! खुर्चीचाही आला. आणि तुझाही.

म्हणून आता ऐक. उद्या तुम्ही परत तिथेच येणार म्हणालीस. मी येईन ती घड्याळजींना घेऊन. ते दगडावर बसतील, पिशवीपाशी. तुझ्याशी बोलायला येणार नाहीत. तू बोलायलाच पाहिजेस असंही नाही, तो माणूस गप्प बसण्यात पटाईत आहे. पण मी त्यांना घरी ठेवून येणार नाही. मी काही चोरी केलेली नाही, लपवून ठेवायला.

नसेल चालत, तर काउंटरवर चिठ्ठी ठेव. मी सकाळी येऊन विचारीन. चिठ्ठी असेल तर माघारी जाईन, किनाऱ्याकडे फिरकणार नाही, आणि टिल्लूला सांग आजीला ताप आलाय. माझा जीव तुटेल हे तुला कळतंय आणि मलाही कळतंय. तरी येणार नाही.



आई


२४ एप्रिल

माझ्या बाळे,

सुखरूप पोचलात हे मावशीनं कळवलं. पुढच्या वेळी तूच कळव, तिचं किती दिवस मधे मधे चालायचं.

त्या सकाळी काउंटरवर मी तीनदा विचारलं, 'नक्की चिठ्ठी नाही?' तिथली मुलगी वैतागली. म्हणाली, 'आजी, असती तर मी खाल्ली असती का?' मी तिचे गाल कुस्करणार होते, मधे काउंटर होतं म्हणून वाचली.

आणि तरी किनाऱ्यावर तुम्ही दिसेनात. घड्याळजी म्हणाले, 'बाई, मी जातो. मी गेलो की येतील त्या.' आणि खरंच बूट घालायला लागले. मी म्हटलं, बसा! बापाची लेक आहे, उशिराच येणार. मग टोपी दिसली. टोपीमागे तू.

तुला बघून ते शाळेतल्या पोरासारखे ताडकन उठून उभे राहिले, ते तू पाहिलंस. तू मान हलवलीस की सूर्य डोळ्यांवर आला ते मला कळलं नाही. पिशवी तू दगडापाशी ठेवलीस, त्यांच्यापासून हातभर लांब. आपण पाण्याकडे निघालो आणि तू मधेच थांबलीस. मला वाटलं, झालं, फिरली. तू परत गेलीस, मनगटावरचं घड्याळ सोडलंस आणि त्यांच्यापुढे धरलंस. 'हे सांभाळा.' दिवसभरात त्यांच्याशी तेवढंच बोललीस.

पाण्यात तू मला म्हणालीस, 'आई, तू मला विचारलं नाहीस.' मी म्हटलं, 'विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.' तू म्हणालीस, 'हो.' मी म्हटलं, 'म्हणूनच.' आणि तू माझ्यावर एवढी चिडलीस की लाट आली ती तुला दिसली नाही, मी तुझा दंड धरला, तू टिल्लूचा, आणि तिघं एकदम खाली बसलो पाण्यात. उठलो तेव्हा तू हसत होतीस की रडत होतीस? मी विचारलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं. आणि तेवढ्यात किनाऱ्यावरून तो आवाज! 'बाई! अहो बाई!' साऱ्या किनाऱ्यानं वळून पाहिलं. ओरडेन म्हणाले होते, ओरडले.

सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. निघताना तू त्यांचा निरोप घेतला नाहीस. मला लागलं. त्यांना लागलं का, माहीत नाही. पण पुढच्या वेळी हॉटेल करू नकोस. टिल्लूचे मोजे घड्याळजींच्या खिशात निघालेत, धुऊन दोरीवर वाळत घातलेत, येऊन घेऊन जा.

आणखी एक गोष्ट तुला कळायला हवी, त्यासाठीच आज बसले. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, घड्याळ तर रुमालात गुंडाळून दोन्ही हातांत धरून बसला होतात, जसं काही उडून जाणार होतं. तर म्हणाले, 'छान आहे. पण मागे पडतंय. बरंच मागे पडतंय.'

मी म्हटलं, 'मग लावून द्यायचं होतं की बरोबर! तुम्हाला काय कठीण होतं? दुपारभर हातात होतं.'

स्टुलावर बसून स्वतःचे मोजे घडी करत होते. वर न बघता म्हणाले, 'बाई, मला ते सांभाळायला दिलं होतं.'

आई